स्वयंचलित प्रेषणाचे शीतन, अवजड वाहनांतील

एंजिनाची शक्ती चाकांपर्यंत नेताना वेग व परिबल (फिरविणारी प्रेरणा) यांचे प्रमाण चालकाच्या हस्तक्षेपाशिवाय बदलणाऱ्या यंत्रणेला स्वयंचलित प्रेषण म्हणतात. तिच्या इतिहासाचा मोठा भाग उष्णतेशी झालेल्या झगड्याचा आहे. दंतचक्रांच्या साध्या गतिपेटीत शक्तीचा थोडाच अंश वाया जातो. द्रवामार्फत शक्ती वाहून नेली, की हे प्रमाण बरेच वाढते आणि वाया गेलेली सर्व शक्ती तेल तापविण्यात खर्च होते. ३०० अश्वशक्तीचे एंजिन ८० टक्के कार्यक्षमतेच्या परिवर्तकामधून चालत असेल, तर ६० अश्वशक्ती, म्हणजे सु. ४५ किलोवॉट उष्णता तेलात शिरते. वाहन रुतून चाके थांबली व एंजिन मात्र पूर्ण जोराने फिरत राहिले, तर परिवर्तकाकडे येणारी जवळजवळ सर्वच शक्ती उष्णतेत जाते.

या यंत्रणेचा उगम रस्त्यावर नव्हे, तर गोदीत झाला. जहाजातील वेगवान टरबाइन व मंदगती पंखा यांची सांगड घालण्यासाठी हेर्मान फटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये द्रवगतिकीय प्रेषणाचे एकस्व घेतले. पंपचक्राने भिरकावलेले द्रव टरबाइनचक्र फिरविते व मधले मार्गदर्शक चक्र त्या प्रवाहाची दिशा बदलून परिबल वाढविते, हे तत्त्व आजही कायम आहे. मार्गदर्शक चक्र नसलेल्या साधनाला द्रायू युग्मक म्हणतात. त्यात परिबल वाढत नाही, परंतु नेहमीच्या वेगाला उष्णताही कमी निर्माण होते.

अमेरिकेतील जनरल मोटर्सने १९३९ मध्ये आणलेली ‘हायड्रामॅटिक’ पेटी युग्मक व ग्रहमालीय दंतचक्रे यांची बनलेली होती. दुसऱ्या महायुद्धात तीच पेटी एम-५ स्टुअर्ट या हलक्या रणगाड्यात बसविली गेली. १ नोव्हेंबर १९४८ रोजी सातव्या कॅव्हलरीने सु. ३,५०० मी. उंचीच्या झोजी ला खिंडीत नेलेले रणगाडे स्टुअर्ट जातीचेच होते. तेथील थंडीत प्रश्न अर्थातच उलटा, म्हणजे घट्ट झालेले तेल पातळ ठेवण्याचा असतो.

युद्धानंतरच्या पॅटन रणगाड्यांत अ‍ॅलिसन कंपनीचे सीडी-८५० हे प्रेषण आले. गती बदलणे, वळविणे व थांबविणे ही तिन्ही कामे त्याच एका पेटीत एकवटल्याने तिन्हींची उष्णता एकाच तेलावर पडू लागली. यासाठी प्रेषणाच्या तेलाला स्वतंत्र शीतक देऊन त्यावर एंजिनाच्या पंख्यांचा वारा खेळविण्यात आला. त्याची किंमत इंधनात मोजावी लागली. परिवर्तकातील व पंख्यांमधील शक्तिव्यय हे एम-४७ चा पल्ला जेमतेम १३० किमी. असण्याचे एक कारण होय. सप्टेंबर १९६५ मध्ये असल उत्तर येथे पाणी सोडलेल्या उसाच्या शेतांत पॅटन रणगाडे रुतले. मऊ जमीन व मंद गती ही परिवर्तकाची सर्वांत कठीण अवस्था असते. अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) येथे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या कॅव्हलरी रणगाडा संग्रहालयात पॅटन पाहावयास मिळतो.

याच शहरातील वाहन संशोधन व विकास संस्था १९४७ मध्ये चकलाला (सध्या पाकिस्तानात) येथून हलविण्यात आली. लष्करी वाहनांच्या चाचण्यांचे ते देशातील एक प्रमुख केंद्र आहे. रेल्वेच्या क्षेत्रात मनमोहन सुरी यांनी परिबल परिवर्तकाचा उपयोग वाहन सुटताना व मंद गतीला करून पुढे अधिक कार्यक्षम जोडणीकडे जाणारे प्रेषण तयार केले. १९६२ चे भटनागर पारितोषिक त्यांना मिळाले. डीझेल एंजिनांसाठी द्रवीय प्रेषणे पुण्याच्या किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनीनेही बनविली. परिवर्तकातून शक्य तितक्या लवकर बाहेर पडणे हाच शीतनाचा सर्वांत स्वस्त उपाय, हे सुरींच्या रचनेतील मर्म पुढे ट्रक व बसगाड्यांतील बंदिस्त क्लचमध्येही दिसते. ठराविक वेगानंतर हा क्लच पंपचक्र व टरबाइनचक्र एकत्र जखडतो व घसरण थांबते.

घाटात प्रश्न वेगळा होतो. १६ टनांचे वाहन १:२० उतारावरून ताशी ३६ किमी. वेगाने उतरत असता वेग न वाढू देण्यासाठी सु. ७८ किलोवॉट शक्ती शोषावी लागते (घर्षण व हवेचा विरोध वगळता). द्रवीय मंदक ही शक्ती ब्रेकऐवजी तेलात ओततो. ब्रेकची पट्टी वाचते, पण शीतक अपुरा असेल तर गतिपेटीच बळी पडते. राहात्यावरून जाणाऱ्या नगर–मनमाड रस्त्यावरील उसाचे ट्रक दीर्घकाळ हाताने बदलावयाच्या गतिपेटीवरच चालत आले, यामागे किमतीइतकेच हेही कारण मानावे लागेल. साध्या पेटीला शीतक लागत नाही. चंद्रपूरकडील खुल्या कोळसा खाणींतील डंपरना मात्र चढाव, ओझे व ४५° से. वरचा उन्हाळा सोसूनही स्वयंचलित प्रेषण परवडते, कारण तेथे क्लच वारंवार बदलण्यात जाणारा वेळ अधिक महाग पडतो.

तेलाचे तापमान सामान्यतः ८०° ते १००° से. राखतात. त्यापुढे दर १०° से. वाढीला तेलाचे आयुष्य साधारणपणे निम्मे होते, असा ठोकताळा आहे. ऑक्सिडीभवनाने तेल काळवंडते व त्याला जळका वास येतो, रबरी कडी कडक होऊन गळू लागतात, दाब उतरतो, क्लचच्या चकत्या घसरतात आणि त्या घसरणीने तेल आणखी तापते. रेडिएटरच्या तळातील शीतक तेलाची उष्णता एंजिनाच्या पाण्याला देतो. तो थंडीत तेल लवकर गरमही करतो, परंतु पाण्याहून अधिक थंड कधीच करू शकत नाही. म्हणून अवजड वाहनांत त्याच्या जोडीला हवेने थंड होणारा स्वतंत्र शीतक बसवितात. धूळ व उसाचे पाचट यांनी त्याच्या पाकळ्या बुजल्या, तर तो असून नसल्यासारखाच होतो.