आउगुस्टेबाईंची फाईल

मागच्या काही भागांत आपण लढायांवर बोललो. आज तोफा नाहीत, नकाशे नाहीत. आज एका रुग्णालयातली फाईल उघडायची आहे. फौजेत आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात, की अहवालात आधी पाहिलं ते लिहा, मत नंतर द्या. ही फाईल अगदी तशी आहे.

२५ नोव्हेंबर १९०१. जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात रेल्वेतल्या एका कारकुनाच्या बायकोला मनोरुग्णालयात दाखल केलं गेलं. नाव आउगुस्टे डेटर, वय ५१. सुरुवात झाली ती नवऱ्यावर संशय घेण्यापासून. पुढे स्वयंपाक बिघडू लागला, वस्तू कुठेतरी लपवून ठेवायच्या आणि विसरायच्या, आरडाओरडा. दुसऱ्या दिवशी ३७ वर्षांचे डॉक्टर आलोइस अल्झायमर तिच्याशी बोलायला बसले आणि प्रश्न-उत्तरं जशीच्या तशी उतरवून घेऊ लागले.

नाव काय? आउगुस्टे. आडनाव? आउगुस्टे. नवऱ्याचं नाव? बहुतेक आउगुस्टे.

दुपारी ताटात फ्लॉवर आणि डुकराचं मांस होतं. काय खाताय, असं विचारल्यावर बाई म्हणाल्या, पालक. नाव लिहायला सांगितलं तर ‘श्रीमती’ एवढं लिहून पुढचं विसरल्या. मी स्वतःला हरवून बसले आहे, अशा अर्थाचं त्या पुनःपुन्हा म्हणत. आजारी माणसानंच आपल्या आजाराचं इतकं नेमकं वर्णन केल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

अल्झायमर यांना ही केस का खटकली? त्या काळी बुद्धी ढासळण्याची कारणं ठरलेली होती. माणूस म्हातारा असेल तर वय आणि कडक झालेल्या रक्तवाहिन्या. मध्यमवयीन असेल तर मेंदूत पोचलेला सिफिलिस, ज्याचे रुग्ण तेव्हा मनोरुग्णालयांतून भरलेले असत. ही बाई दोन्ही खणांत बसत नव्हती. डॉक्टर पुढे म्युनिकला गेले, पण तिची विचारपूस त्यांनी सोडली नाही. ८ एप्रिल १९०६ रोजी ती वारली, तेव्हा तिचे कागद आणि मेंदू त्यांनी म्युनिकला मागवून घेतले. चांदीचे क्षार वापरून पातळ काप रंगवले. सूक्ष्मदर्शकाखाली दोन गोष्टी दिसल्या : पेशींच्या बाहेर साचलेले गाळासारखे ठिपके, आणि पेशींच्या आत दोऱ्याचा गुंता व्हावा तसे पीळ. आजही या आजाराच्या खुणा याच दोन.

३ नोव्हेंबर १९०६ला ट्युबिंगेन येथे त्यांनी हे डॉक्टरांच्या सभेत मांडलं. एकानंही प्रश्न विचारला नाही.

१९१० साली त्यांचे वरिष्ठ एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमर यांचं नाव दिलं. सन्मान झाला खरा, पण माझ्या मते इथेच घोळ झाला. नाव मिळालं ते तरुण वयात होणाऱ्या आजाराला. ५१व्या वर्षी झाला तर अल्झायमर, पंचाहत्तरीत झाला तर नुसतं म्हातारपण! वास्तविक प्राग शहरात ऑस्कर फिशर यांनी १९०७मध्येच वृद्ध रुग्णांच्या मेंदूंतले तसेच ठिपके दाखवले होते. तरी नकाशावर एकदा चुकीची रेषा ओढली गेली, की पुढच्या तुकड्या तिच्यावरूनच चालतात. जवळपास साठ वर्षं चालल्या. १९६०च्या दशकाअखेर इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी वृद्धांच्या मेंदूंतले ठिपके अक्षरशः मोजले आणि बुद्धीच्या ऱ्हासाशी त्यांचा मेळ घातला. १९७६मध्ये अमेरिकेतल्या रॉबर्ट कॅट्झमन यांनी सरळ लिहिलं, की दोन्ही आजार एकच आहेत. दुर्मिळ समजला जाणारा रोग एकदम सर्वांत मोठ्या रोगांत जाऊन बसला.

आपल्याकडे ही रेषा अजून पुसलेली नाही. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून आपण मोकळे होतो. १९९२मध्ये केरळात या आजारासाठी संस्था उभी राहिली. मराठीत ‘अस्तु’ चित्रपटात मोहन आगाशे यांनी संस्कृतच्या निवृत्त प्राध्यापकाचं विस्मरण उभं केलं. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज असा, की साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे.

मग ‘वयच झालं’ म्हणण्यात नुकसान काय? नुकसान असं, की प्रत्येक विसराळूपणा अल्झायमर नसतो. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मंदावलेलं थायरॉईड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, डोक्याला मार लागून हळूहळू साचलेलं रक्त, यांनीही बुद्धी मंदावते आणि यांतल्या बहुतेकांवर इलाज आहे. रक्ततपासणी आणि मेंदूचा स्कॅन न करता बाबांना म्हातारचळ ठरवणं मला तरी गुन्हाच वाटतो. खुद्द अल्झायमरवरच्या नेहमीच्या गोळ्या आजार थांबवत नाहीत, काही काळ थोडा आधार देतात. तरी निदान लवकर झालं तर बँकेचे आणि घराचे निर्णय माणूस स्वतः घेऊ शकतो.

वेग पाहायला शिका. चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वेगळं. चष्मा कशासाठी असतो हे विसरणं, रोजच्या बाजारातून घरी येताना चुकणं वेगळं. महिन्या-वर्षांत हळूहळू झालं तर स्मृतिभ्रंशाचा विचार करायचा. एक-दोन दिवसांत माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागला तर बहुधा लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, क्षार कमी होणं किंवा नवं औषध. आणि मिनिटांत तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर तो पक्षाघात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेव्हा घरगुती उपायांत वेळ घालवू नका.

घरात वाद घालू नका. आई चाळीस वर्षांपूर्वी वारलेल्या भावाची वाट पाहत असेल, तर दरवेळी मृत्यूची बातमी नव्यानं देण्यात काय अर्थ? मामांबद्दल काही विचारा, विषय हलकेच वळवा. जेवण-आंघोळीच्या वेळा ठरलेल्या असू द्या, खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवा. आणि सांभाळणाऱ्या सुनेला किंवा मुलीला आठवड्यातून एक दिवस खरोखरची सुट्टी द्या.

आउगुस्टेबाईंची मूळ फाईल १९९५च्या डिसेंबरात फ्रँकफर्टमध्येच सापडली. हरवलेली समजत होते ती. त्यातली सवाल-जबाबांची पानं आजही डॉक्टर अभ्यासतात, कारण त्यांत मत कमी आणि पाहिलेलं जास्त आहे. तुमच्या घरी शंका असेल तर एक साधी वही घाला. तारीख, वेळ, काय विचारलं, काय उत्तर आलं, त्या रात्री झोप किती झाली. न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना ती वही न्या, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटंही.