स्वयम: व्हिडिओवरून शिक्षण आणि श्रेयांक मिळवण्याची पद्धत

वर्गात न समजलेला भाग महाविद्यालयीन विद्यार्थी अनेकदा यूट्यूबवर पाहून समजून घेतात. मात्र कितीही व्हिडिओ पाहिले तरी त्यांची नोंद गुणपत्रिकेत होत नाही. केंद्र शासनाच्या ‘स्वयम’ पोर्टलवरील अभ्यासक्रम पूर्ण करून परीक्षा दिल्यास प्रमाणपत्र मिळते आणि महाविद्यालयाची मान्यता असल्यास श्रेयांकही, म्हणजेच क्रेडिट, मिळतात.

योजना काय आहे?

स्वयम हे शिक्षण मंत्रालयाचे पोर्टल असून त्याचे उद्घाटन 9 जुलै 2017 रोजी झाले. त्यावर इयत्ता नववीपासून पदव्युत्तर स्तरापर्यंतचे अभ्यासक्रम आहेत. प्रत्येक अभ्यासक्रमाचे चार भाग असतात: व्हिडिओ व्याख्याने, उतरवून घेता येणारे वाचनसाहित्य, स्वयंचाचणी आणि शंका विचारण्यासाठी चर्चामंच. अभियांत्रिकी व विज्ञानाचे अनेक अभ्यासक्रम आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेच्या ‘एनपीटेल’ उपक्रमातून येतात.

कोणाला लाभ घेता येतो?

शिकण्यासाठी कोणालाही नावनोंदणी करता येते. नावनोंदणी, व्हिडिओ आणि वाचनसाहित्य विनामूल्य आहे. शुल्क फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी भरावे लागते. एनपीटेलच्या परीक्षेत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना शुल्कात सवलत आहे. अर्जासोबत संबंधित दाखला जोडावा लागतो, म्हणून तो आधीच तयार ठेवावा.

श्रेयांक मिळवण्यासाठी काय करावे?

1. आधी महाविद्यालयात विचारा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या नियमांनुसार एका सत्रातील एकूण विषयांपैकी 40 टक्क्यांपर्यंत विषय स्वयमवरून घेण्यास संस्था परवानगी देऊ शकते. कोणते अभ्यासक्रम ग्राह्य धरायचे, हे संस्था ठरवते. विभागप्रमुखांची किंवा महाविद्यालयातील स्वयम समन्वयकांची संमती लेखी घ्या.

2. पोर्टलवर खाते उघडून मुदतीत नावनोंदणी करा. नाव ओळखपत्रावर आहे तसेच लिहा.

3. स्वाध्याय वेळेवर सादर करा. प्रत्येक स्वाध्यायाला अंतिम तारीख असते.

4. परीक्षेसाठी वेगळी नोंदणी करा व शुल्क भरा. अभ्यासक्रमाला नाव नोंदवले म्हणजे परीक्षेचा अर्ज झाला, असे होत नाही. ही मुदत चुकली तर स्वाध्याय पूर्ण असूनही त्या सत्रात परीक्षा देता येत नाही.

5. परीक्षा केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन परीक्षा द्या. शिक्षणासाठी दुसऱ्या राज्यात राहत असाल, तर अर्ज भरताना सध्याच्या मुक्कामाजवळचे शहर निवडा.

6. निकालानंतर प्रमाणपत्राची प्रत महाविद्यालयात जमा करा आणि श्रेयांकांची नोंद झाली का, हे तपासा.

उत्तीर्ण होण्याचा नियम

एनपीटेलच्या अभ्यासक्रमात स्वाध्यायांना 25 आणि परीक्षेला 75 गुण असतात. 12 आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम 8 स्वाध्यायांची सरासरी धरली जाते. स्वाध्यायांत किमान 10 आणि परीक्षेत किमान 30 गुण, या दोन्ही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. समजा, स्वाध्यायांत 25 पैकी 25 आणि परीक्षेत 75 पैकी 29 गुण मिळाले. बेरीज 54 होते, तरीही प्रमाणपत्र मिळत नाही.

मोबाइल डेटा कमी पडत असेल तर

‘स्वयम प्रभा’ या शैक्षणिक दूरचित्रवाणी वाहिन्या डीडी फ्री डिशवर मासिक शुल्काशिवाय पाहता येतात. रोज किमान चार तासांचा नवा कार्यक्रम असतो आणि तो दिवसभरात पुन्हा पुन्हा दाखवला जातो. त्यामुळे सकाळी कामावर जाणाऱ्या विद्यार्थ्यालाही संध्याकाळी तोच पाठ पाहता येतो. मात्र वाहिनीवर पाठ पाहिल्याने श्रेयांक मिळत नाहीत. त्यासाठी वरील टप्पे पूर्ण करावेच लागतात. वाचनसाहित्य महाविद्यालयाच्या वायफायवर उतरवून घेतल्यासही डेटा वाचतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न: परीक्षा न देता फक्त शिकता येते का?
उत्तर: होय. त्यासाठी कोणतेही शुल्क नाही.

प्रश्न: यूट्यूबवर एनपीटेलचे सर्व व्हिडिओ पाहिले आहेत. प्रमाणपत्र मिळेल का?
उत्तर: नाही. स्वयमवर नावनोंदणी, स्वाध्याय आणि परीक्षा आवश्यक आहे.

प्रश्न: इंग्रजी व्याख्यान समजत नसेल तर?
उत्तर: एनपीटेलच्या काही अभ्यासक्रमांचे साहित्य मराठीसह इतर भारतीय भाषांत उपलब्ध आहे. नावनोंदणीपूर्वी अभ्यासक्रमाच्या पानावर व्याख्यानाची व परीक्षेची भाषा पाहून घ्या.

लक्षात ठेवा: नावनोंदणी, स्वाध्याय आणि परीक्षा-अर्ज या तिन्हींच्या अंतिम तारखा वेगवेगळ्या असतात. पहिल्याच दिवशी त्या वहीत लिहून ठेवा.