कागदावरचं प्रमाण, भिंतीवरचं प्रमाण

इंदूर म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला अहिल्याबाई आठवतात, नाहीतर सराफ्यातली रात्रीची खाबूगिरी. मला हल्ली तीन आकडे आठवतात. एक कोटी, साडेचार टक्के आणि १०१ वर्षे.

१८७० साली दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. व्याज साडेचार टक्के, मुदत १०१ वर्षे. कशासाठी, तर खंडव्याहून इंदूरपर्यंत रेल्वे आणण्यासाठी. सरकारी कचेरीत कारकुनी करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला राजाच्या स्वाऱ्यांपेक्षा असल्या नोंदी जास्त भुलवतात. संस्थानिक सावकार आणि साम्राज्य ऋणको! मुदत संपायची ती १९७१ च्या सुमारास. तोवर साम्राज्यही उरलं नाही आणि होळकरांचं संस्थानही.

रेल्वे मात्र आली. १८७४ च्या डिसेंबरात खंडवा ते सनावद हा तुकडा सुरू झाला, १८७६ च्या ऑक्टोबरात नर्मदेवरचा पूल झाला आणि त्याच दशकाच्या अखेरीस गाडी इंदूरला पोचली. मधे विंध्याचा कडा आडवा होता. कालाकुंडहून पाताळपाणीला चढताना चाळीस फूट पुढे गेलं की एक फूट वर, असा तो घाट. मीटरगेजची ती चिमुकली गाडी चढवायला खास इंजिनं लागत. आमच्या गोव्यातही साधारण त्याच पिढीत मुरगावहून कॅसलरॉकपर्यंत मीटरगेज गेली, १८८८ साली. दूधसागराच्या अंगाखांद्यावरून जाणाऱ्या त्या मार्गाचं कौतुक आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. होळकरांच्या घाटाचं नाव मात्र चाळिशी उलटेपर्यंत माझ्या कानावर आलं नव्हतं.

माझी मावसबहीण इंदूरला दिलेली आहे. तिच्याकडे गेलो असताना पाताळपाणी–कालाकुंड या टप्प्यावर २०१८ साली सुरू झालेल्या हेरिटेज गाडीत बसलो. वाटेत चार बोगदे लागतात. महूला (आता डॉ. आंबेडकर नगर, बाबासाहेबांचा जन्म इथलाच) परतताना भावोजींचे एक स्नेही बरोबर होते. निवृत्त बांधकाम अभियंते. सगळी हयात माळव्यात गेल्यामुळे त्यांच्या मराठीला हिंदीचा छान वास. मी त्यांना सहज विचारलं, "काय हो, सिमेंट नव्हतं तेव्हा हे बोगदे टिकले कसे?" ते म्हणाले, "बोगदा कुठे टिकतो? टिकतो तो पहाड."

मंडळी, त्या एका वाक्यामुळे मी पुढचे कित्येक महिने काँक्रीटबद्दल वाचत बसलो. मी साधा बी. ए. इतिहास. त्यामुळे हे मिस्तरीकाम नव्हे, त्याचा इतिहास आहे असंच समजून वाचा.

माळव्याचा हा कडा आपल्या सह्याद्रीसारखाच काळ्या बेसाल्टचा. अंगचा मजबूत. त्या काळी बोगद्याला अस्तर म्हणजे चुन्यात बांधलेले दगड किंवा विटा. साधा चुना हवेतला कर्बवायू ओढून घेत महिनोन्महिने, वर्षानुवर्षे घट्ट होत जातो. त्यात विटांची भुकटी, म्हणजे सुरखी घातली किंवा कंकराचा चुना वापरला तर काम थोडं लवकर आटोपतं, पण "लवकर" याचा अर्थ तेव्हा आठवडे असा होता. पहाड स्वतःच्या पायावर उभा असेपर्यंत एवढी सवड मिळत होती. प्रमाण काय? एकाला दोन, एकाला तीन असं काहीतरी, आणि बाकीचं गवंड्याच्या हाताला ठाऊक. इंदूरच्या राजवाड्याचा १९८४ च्या दंगलीत जळालेला मागचा भाग २००६-०७ च्या सुमारास पुन्हा उभारला तो मुद्दाम जुन्याच पद्धतीनं. चुन्याच्या जुन्या भिंतीला वरून कडक सिमेंट थापलं तर आतली ओल कोंडते आणि भिंतच झिजू लागते, हे आता सगळीकडे मान्य झालंय. सगळ्यात मजबूत तेच सगळ्यात योग्य असं बांधकामात नसतं.

आता माळवा सोडून थेट शिकागोला जाऊ. कारण काँक्रीट फवारायची कल्पना निघाली ती तिथे, आणि काढली कोणी, तर पेंढा भरलेले प्राणी बनवणाऱ्या माणसानं! कार्ल एकली हा फील्ड म्युझियममधला टॅक्सिडर्मिस्ट. आफ्रिकेतले हत्ती हुबेहूब उभे करण्यात त्याची हयात गेली. त्याच्या संग्रहालयाची इमारत होती १८९३ च्या जत्रेसाठी बांधलेली, आणि तिचा दर्शनी गिलावा उखडत चालला होता. १९०७ च्या सुमारास एकलीनं एक यंत्र केलं. कोरडं सिमेंट आणि वाळू दाबाच्या हवेनं नळीतून पाठवायची, तोटीशी पाणी मिसळायचं आणि भिंतीवर मारायचं. १९११ मध्ये त्याचं पेटंट झालं. त्या मालाला "गनाइट" असं नाव पडलं, आणि आपल्याकडचे जुने ठेकेदार आजही "गनायटिंग" म्हणतात ते त्यावरूनच. गंमत म्हणजे काँक्रीटच्या शास्त्राचा दुसरा पायाही त्याच गावात घातला गेला. १९१८ साली डफ अब्राम्स यांनी दाखवून दिलं की काँक्रीटची ताकद ठरते ती मुख्यतः सिमेंटच्या मानानं पाणी किती घातलं यावर. पाणी कमी तर ताकद जास्त. तेव्हापासून प्रमाण गवंड्याच्या हातातून निघून कागदावर आलं.

पण फवारलेलं काँक्रीट या कागदाला पुरतं जुमानत नाही. ते इतक्या वेगानं भिंतीवर आदळतं की त्यातला काही भाग उडून खाली पडतो. याला साइटवर "रिबाउंड" म्हणतात. कोरड्या पद्धतीत उभ्या भिंतीवर मारलेल्यातला पाचवा हिस्सा सहज वाया जाऊ शकतो, डोक्यावरच्या छताला त्याहून जास्त. आणि जे पडतं ते सरसकट पडत नाही! खडी आणि जाड वाळू आधी उडते, सिमेंटचं खिरासारखं मिश्रण चिकटून राहतं. म्हणजे यंत्रात एक प्रमाण घातलं आणि भिंतीवर दुसरंच बसलं. मंजूर अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष खर्च यांत जन्म काढलेल्या मला हे ऐकून फार जवळचं वाटलं. आमचे अभियंते म्हणाले, "क्यूब फोडून काय समजणार? मारल्यावर वर किती राहिलं ते विचारा."

हा प्रश्न जीवनमरणाचा कसा होतो ते पाहायला आम्हा गोवेकरांना लांब जावं लागत नाही. १९६० च्या दशकात रॅबसेविच या ऑस्ट्रियन अभियंत्यानं बोगदे खणण्याची नवी रीत मांडली. जाड अस्तर बांधत बसू नका, खणल्याबरोबर पातळ काँक्रीट फवारा, खिळे मारा, हालचाल मोजत राहा, म्हणजे डोंगर आपला भार आपणच पेलेल. खडकात हे उत्तम चालतं. पण डोंगर मातीचा असेल तर? कोकण रेल्वेचे नव्वदहून जास्त बोगदे आहेत, बहुतेक खडकातले. त्यांतले नऊ मऊ मातीतले, आणि त्यांत आमचा पेडण्याचा. पाण्यानं भरलेली चिकणमाती, खणलं की कोसळायची, पुन्हा खणायची. या नऊ बोगद्यांनी चार वर्षं खाल्ली आणि एकोणीस माणसं. सबंध रेल्वेच्या बांधकामात चौऱ्याहत्तर गेली. २६ जानेवारी १९९८ ला गाडी सुरू झाली तेव्हा आम्ही तरुण पोरं टाळ्या वाजवत होतो, हे आकडे तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हते. पुढे २०२० च्या ऑगस्टात याच बोगद्याच्या भिंतीचा पाचेक मीटरचा भाग कोसळला आणि गाड्या मिरज-लोंढ्यावरून वळवल्या. २०२४ च्या जुलैत पुन्हा पाणी आणि चिखल रुळांवर आला आणि वाहतूक थांबली. चतुर्थीला मुंबईहून कोकण रेल्वेनं गोव्यात येणारा चाकरमानी या बोगद्यातून जातो.

जुन्या बोगद्याची दुरुस्ती हा वेगळाच पेच असतो. आत गाडीला जेमतेम जागा. वरून वीस सेंटिमीटर जाड नवं अस्तर चढवावं तर गाडी घासणार. म्हणून जगभर आता विचार चालला आहे तो अतिउच्च ताकदीचं काँक्रीट फवारण्याचा, म्हणजे चार-पाच सेंटिमीटरचा थर पुरेल. साध्या घराच्या स्लॅबला एम २० किंवा एम २५ वापरतात; म्हणजे २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला २० किंवा २५ न्यूटन दाब सोसणारं. हे नवं काँक्रीट १२०, १५० आणि त्याच्याही वर जातं. डेन्मार्कच्या बाखे यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस याची वाट दाखवली, फ्रान्समध्ये १९९० च्या दशकात ते पक्कं झालं आणि १९९७ साली कॅनडात शेरब्रुकला त्याचा पादचारी पूलही झाला.

त्याचं गुपित भरगच्चपणात आहे. डब्यात लाडू भरले की मधे पोकळ्या राहतात. त्यांत शेव भरा, उरलेल्या फटींत बेसन. (इंदूरला जाऊन आल्यावर उदाहरणं अशीच सुचतात.) तसंच इथे. खडी अजिबात नाही, बारीक वाळू, तिच्यात सिमेंट, आणि सिमेंटच्या कणांमधल्या फटींत सिमेंटच्या शंभर पट बारीक असा सिलिका फ्यूम. पाणी सिमेंट वगैरे भुकटीच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाइतकंच. इतक्या कमी पाण्यात ते भिजावं म्हणून सुपरप्लास्टिसायझर, आणि तडे धरून ठेवायला पोलादाचे केसासारखे तंतू.

साच्यात ओतायला हे झकास. फवारायचं म्हटलं की एकेका घटकाचं दुसऱ्याशी भांडण सुरू होतं. नळीतून जायला मिश्रण वाहतं हवं, भिंतीवर पोचताक्षणी मात्र घट्ट हवं, नाहीतर ओघळेल. सुपरप्लास्टिसायझर वाढवला तर वाहतं पण चिकटत नाही. सिलिका फ्यूम वाढवला तर चिकटतं, रिबाउंडही घटतो, पण ते इतकं चिवट होतं की पंप धापा टाकतो. तोटीशी त्वरक, म्हणजे ॲक्सिलरेटर मिसळला तर मिनिटांत आवळतं, पण जास्त झाला की २८ दिवसांची ताकद कमी भरते. तंतू वाढवले तर नळी तुंबते आणि उडून पडणाऱ्या मालात तेच जास्त सापडतात. पाणी मुळातच कमी, त्यामुळे थर आतल्या आत आकसून तडकायची धास्ती. आणि एका घनमीटरला सिमेंट आठशे किलोच्या आसपास, साध्या काँक्रीटच्या दुपटीहून जास्त.

तेव्हा "प्रमाण सुधारणे" म्हणजे ताकदीचा आकडा वाढवत नेणे नव्हे. प्रयोगशाळेत १८० न्यूटन दाखवणारं मिश्रण छतावरून ओघळलं तर त्याची ताकद जमिनीवरच. त्यापेक्षा १३० वाल्या मिश्रणानं पहिल्या तासाभरात छताला धरून ठेवलं तर पेडण्यासारख्या ठिकाणी मी त्याच्याच बाजूनं मत देईन. अर्थात तिथे अस्तरामागचं पाणी निचरून काढायची सोय आधी हवी. तुंबलेलं पाणी कसल्याही थराला मागून ढकलतंच.

हे सगळं तपासतात कसं? भारतीय मानकाचं १९७८ चं शॉटक्रीटवरचं पुस्तक (आय. एस. ९०१२) मी कुतूहलानं चाळलं. मिश्रण साच्यात भरून चालत नाही. लाकडी पेट्या उभ्या करून त्यांच्यावर त्याच यंत्रानं, त्याच तोटीनं आणि त्याच माणसाच्या हातून फवारायचं, मग घट्ट झालेल्या थरातून गोल नमुने कापून ते फोडायचे. तोटी भिंतीपासून साधारण मीटरभर, आणि काटकोनात. ती तिरकी झाली की रिबाउंड वाढला आणि कागदावरचं प्रमाण बिघडलंच.

होळकरांचा घाट मात्र आता मागे पडतोय. मीटरगेज २०२३ मध्ये महू ते ओंकारेश्वर रोडपर्यंत बंद झाली. ब्रॉडगेजला चाळिसात एक हा चढ परवडत नाही, म्हणून वळसा घालून लांब बोगद्यांचा नवा मार्ग आखलेला आहे. त्या बोगद्यांना अर्थातच सुरखीचा चुना नसणार.

आमच्या अभियंत्यांना मी शेवटी माझ्या टेबलावरचा प्रश्न विचारला. खाली पडलेल्या मालाचं बिल कोणाच्या नावावर? ते हसले. दर बहुधा भिंतीवर बसलेल्या कामाचाच असतो, म्हणाले. पडलेलं झाडून फेकायचं, पुन्हा यंत्रात घालायचं नाही. आणि या नव्या काँक्रीटच्या एका घनमीटरात दीडशे किलो पोलादी तंतू असतात, म्हणून झाडूवाल्याकडेही लक्ष ठेवावं लागतं.