धुळे मतदारसंघाचा १९५७ चा कौल

धुळ्याच्या उत्तरेस मुंबई–आग्रा मार्गावर वसलेले सोनगीर हे किल्ल्यासाठी आणि तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी खानदेशात प्रसिद्ध आहे. तांबट, शेतकरी व व्यापारी अशा भिन्न हितसंबंधांचे लोक जेथे एकत्र नांदतात, तेथील मतदाराचे उमेदवाराविषयी आणि पक्षाविषयी काय मत होते, हे केवळ निकालावरून ठरविणे धाडसाचे असते. धुळे मतदारसंघातील १९५७ ची लोकसभा निवडणूक या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे.

त्या वर्षी भारतीय जनसंघाचे उत्तमराव लक्ष्मण पाटील येथून निवडून आले. संबंध देशात जनसंघाला अवघ्या चार जागा मिळाल्या आणि त्यांतील दोन, धुळे व रत्नागिरी, मराठी मुलखातील होत्या. खानदेश तर काँग्रेसच्या निष्ठेत वाढलेला प्रदेश. ग्रामीण भागात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूर येथेच झाले होते आणि १९५२ मध्येही पश्चिम खानदेशाने काँग्रेसलाच कौल दिला होता. मग पाच वर्षांत येथील मतदार जनसंघाच्या विचारांचा झाला काय? तसा निष्कर्ष पुष्कळदा काढला जातो. परंतु तो टिकण्यासारखा नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विशाल द्विभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले. त्याच वर्षी फेब्रुवारीत स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीत प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आणि जनसंघ असे एरवी परस्परांचे तोंड न पाहणारे पक्ष एकत्र आले होते. धुळ्यास जनसंघाचा उमेदवार विजयी झाला, मुंबईत कम्युनिस्ट श्रीपाद अमृत डांगे झाले, आणि शेजारच्या पूर्व खानदेशातून नौशीर भरुचा हे पारशी गृहस्थ लोकसभेत गेले. या तिघांच्या राजकीय मतांत मेळ नव्हता. मेळ होता तो काँग्रेसविरोधात. आणि त्या विरोधाच्या मुळाशी द्विभाषिकाचा प्रश्न होता.

पश्चिम खानदेशात या प्रश्नाला विशेष धार होती. जिल्हा गुजरातच्या सीमेला भिडलेला, बोली अहिराणी. ग्रियर्सनने आपल्या भाषापाहणीत खानदेशी बोलीची गणना मराठीच्या खंडात न करता भिल्ल भाषांबरोबर केली होती. भाषाशास्त्रज्ञांना हा वर्गीकरणाचा विषय वाटेल; सीमेवरच्या माणसाला मात्र आपले गाव कोणत्या राज्यात जाणार, हा त्यातून उद्भवणारा व्यवहाराचा प्रश्न होता. भांड्यांचा कारागीर आणि कपाशीचा शेतकरी यांचे एरवी एकमत होणे कठीण. या एका बाबीत ते होऊ शकत होते.

मतदानाच्या रीतीचाही विचार केला पाहिजे. पहिल्या दोन सार्वत्रिक निवडणुकांत प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे व तिच्यावर त्याचे चिन्ह लावलेले असे. मतदाराला खूण करावी लागत नसे. कागद हव्या त्या पेटीत टाकला की झाले. शेतकऱ्याच्या घरची बैलजोडी काँग्रेसकडे होती, तर जनसंघाकडे पणती. निरक्षर मतदारासही निवड करणे त्यामुळे सुकर झाले. पण पणतीच्या पेटीत पडलेला कागद पक्षासाठी होता, उमेदवारासाठी होता की संयुक्त महाराष्ट्रासाठी, याची नोंद कोणत्याही पेटीत होणे शक्य नव्हते. त्यासाठी पुढील निवडणुकीकडेच पाहावे लागते.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. त्या वेळी पश्चिम खानदेशाच्या नवापूर, नंदुरबार, तळोदे व अक्कलकुवा या भागांतील काही गावे गुजरातकडे गेली, म्हणजे सीमेवरची चिंता अगदीच निराधार नव्हती. तथापि मुख्य मागणी पुरी झाली होती, आणि समितीतील पक्षांना एकत्र बांधणारा धागा उरला नव्हता. १९६२ मध्ये धुळ्याची जागा पुन्हा काँग्रेसकडे आली. १९६७ आणि १९७१ मध्येही ती तिच्याकडेच राहिली.