आत्मरती : विकार की ओढीची एक तऱ्हा?

स्वतःच्याच देहाची वा रूपाची कामुक ओढ वाटणे, याला 'ऑटोसेक्शुअ‍ॅलिटी' म्हणतात. मराठीत आत्मरती हा शब्द जवळचा. ओढ कामुक नसून स्वतःच्या प्रेमात पडल्यासारखी असेल, तर तिला 'ऑटोरोमँटिक' असे विशेषण लावतात. दोन्ही एकाच व्यक्तीत असतील असे नाही. शिवाय अशा व्यक्तीला इतरांविषयी आकर्षण वाटतच नाही, असेही नाही.

या विषयाला चिकटलेले नाव नार्सिससचे. रोमन कवी ओव्हिडच्या काव्यात हा तरुण पाण्यातील प्रतिबिंबावर भाळतो. ते आपलेच आहे हे उमगल्यावरही त्याचा पाय तेथून निघत नाही, हा भाग मात्र सहसा सांगितला जात नाही. हॅवलॉक एलिस यांनी १८९८ मध्ये स्वयंकामुकतेची चर्चा करताना हीच कथा आठवली. फ्रॉइड यांनी १९१४ मध्ये 'नार्सिसिझम'वर निबंध लिहिला. पुढे १९८० मध्ये अमेरिकी मनोविकार-वर्गीकरणात आत्मकेंद्री व्यक्तिमत्त्वविकाराची नोंद झाली आणि गोंधळ वाढला. त्या विकाराची लक्षणे म्हणजे कौतुकाची भूक, मोठेपणाचा भास आणि इतरांच्या भावनांविषयी अनास्था. आरशातल्या स्वतःकडे आकृष्ट होण्याचा त्यात समावेश नाही. स्वलैंगिकता हा विकार म्हणून या वर्गीकरणात कोठेही नोंदलेला नाही.

'ऑटोसेक्शुअल' हा शब्द १९८९ मध्ये बर्नार्ड अ‍ॅपफेलबॉम या लैंगिक उपचारतज्ज्ञाने वापरला, तो मर्यादित अर्थाने : जोडीदाराच्या नव्हे, स्वतःच्याच स्पर्शाला प्रतिसाद देणाऱ्यांसाठी. आज तो अनेकजण स्वतःची ओळख म्हणून लावतात. हस्तमैथुन करणारा प्रत्येकजण मात्र स्वलैंगिक नव्हे. त्याच्या कल्पनेत बहुधा दुसरेच कुणी असते.

हस्तमैथुनावर उघड बोलण्याची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. 'समाजस्वास्थ्य'मधून वाचकांच्या अशा प्रश्नांना उत्तरे दिली, म्हणून र. धों. कर्वे यांच्यावर १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. तरीही कर्वे हरले.

खरी अडचण येते ती विवाहात. जोडीदाराला आपण नकोसे झालो असे वाटते, आणि सांगावे कसे हे दुसऱ्याला कळत नाही. अशा वेळी दोघांनी मिळून लैंगिक समुपदेशकाकडे जाणे श्रेयस्कर. ही ओढ पुसून टाकणे हे समुपदेशकाचे काम नव्हे. संबंध दोघांनाही कसा सुसह्य होईल, यावर तेथे बोलता येते. ज्याला स्वतःला त्रास नाही आणि ज्याच्यामुळे कुणाला त्रास नाही, त्याला उपचाराची गरजच नसते.