ग्रंथाचा आकार : पोथी, बाड व कागदी बांधणी

मराठी ग्रंथांच्या इतिहासाविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. ग्रंथकर्ता कोण, त्याचा काळ कोणता, पाठ शुद्ध की भ्रष्ट, प्रत कोणत्या घराण्यातली, या प्रश्नांचा ऊहापोह करण्यात आमच्या आधीच्या दोन-तीन पिढ्यांनी आयुष्ये वेचली. परंतु ग्रंथ किती लांब व किती रुंद असावा, हा प्रश्न मात्र संशोधकांनी बहुधा छापखान्यावर सोपविला. हा प्रश्न क्षुल्लक नाही. ग्रंथ कोणाच्या हाती पडेल, किती दिवस टिकेल आणि वाचला जाईल की केवळ कपाटात राहील, हे पुष्कळ अंशी त्यावर अवलंबून असते, असे आमचे मत आहे.

या विचारास निमित्त झाले ते असे. मेळघाटात, परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सिपना नदीच्या काठी सेमाडोह हे गाव आहे. तेथील व आसपासच्या कोरकू वस्त्यांतील वृद्धांकडून मिळालेल्या हकिकती, गावांची व ओढ्यांची नावे आणि जुन्या वाटांची माहिती यांचे एक संकलन तयार आहे. १९७३-७४ साली मेळघाटात व्याघ्रप्रकल्प स्थापन झाला व पुढे बोरी, कोहा, कुंड ही गावे अरण्यातून उठवून सपाटीवर नेण्यात आली. स्थळ सुटले की स्थळाची नावेही जिभेवरून उतरू लागतात. म्हणून हे संकलन लवकर छापावे, याविषयी कोणाचे दुमत नाही. मतभेद आहे तो आकाराविषयी. एक पक्ष म्हणतो, रॉयल चतुष्पत्री आकाराचा, जाड पुठ्ठ्याचा, छायाचित्रांनी नटलेला गौरवग्रंथ काढावा. दुसरा पक्ष खिशात मावेल एवढी पुस्तिका मागतो. या वादाचा निर्णय आवडीनिवडीने न करता इतिहासास विचारून करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम पोथीचा विचार करू. आपली पोथी आडवी का? याचे उत्तर ताडाच्या झाडात आहे. ताडपत्राची लांबी हवी तेवढी घेता येते, पण रुंदी चार बोटांच्या फार पुढे जात नाही. म्हणून ओळ लांब झाली व ओळींची संख्या थोडी राहिली. पाने ओवण्यासाठी मध्ये भोक पाडीत व त्याभोवती जागा मोकळी सोडीत. उलट काश्मीरात लिहिण्यास भूर्जपत्र होते. त्याची रुंद साल घडी घालून शिवता येते, आणि म्हणून शारदा लिपीतील पुष्कळ भूर्जग्रंथ चामड्याच्या वेष्टनात उभे बांधलेले आढळतात. भाषा तीच, शास्त्रे तीच. झाड बदलले आणि ग्रंथाचा आकार बदलला.

पुढे कागद आला. कागदास ताडपत्राचे बंधन नव्हते. तरी लेखकांनी आडवा आकार सोडला नाही. पश्चिम भारतातील जैन पोथ्यांत तर सूत्र ओवण्याचे कारण उरले नसताही पानाच्या मध्यभागी भोकाची जागा मोकळी सोडलेली व पुढे तीत नक्षी काढलेली दिसते. द्रव्य जाते, पण रूढी राहते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल. तथापि ही रूढी निरुपयोगी होती असे मात्र नाही. पारायणास बसलेल्या मनुष्याची पोथी चौरंगावर असते, पाने सुटी असतात, वाचलेले पान उलटून बाजूस ठेवले की पुढचे पान आपोआप सपाट पडते. बसून, एका जागी, मोठ्याने वाचणाऱ्यासाठी यापेक्षा सोयीचा आकार नाही.

परंतु सर्वच वाचक बसून वाचणारे नव्हते. कीर्तनकार व वारकरी यांस चालताना ग्रंथ बरोबर हवा होता. त्यांनी बाड वापरले. बाड म्हणजे शिवलेली वही. संताजी जगनाडे यांच्या वह्या प्रसिद्धच आहेत. तिसरा वर्ग कारकुनांचा. त्यांनी कागदाचे लांब बंद एकास एक डकविले, गुंडाळले किंवा घड्या घातल्या व रुमालात बांधले. येणेप्रमाणे एकाच काळी, एकाच देशात, जुन्नर-दौलताबादच्या त्याच कागदावर तीन आकार नांदत होते : चौरंगासाठी पोथी, झोळीसाठी बाड, दप्तरासाठी रुमाल. आकार पुस्तकाच्या प्रतिष्ठेवरून ठरत नसून वाचकाच्या बैठकीवरून ठरतो, हा पहिला सिद्धांत यावरून निघतो.

वऱ्हाडास या विषयात एक विशेष धडा मिळालेला आहे. रिद्धपूर हे आजच्या अमरावती जिल्ह्यातले. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या आठवणी ठिकठिकाणी फिरून गोळा केल्या व लीळाचरित्र सिद्ध केले. महानुभाव परंपरा सांगते की, खालशाच्या धाडीत मूळ प्रत नष्ट झाली व मागाहून निरनिराळ्या शिष्यांनी स्मरणाने ग्रंथ पुन्हा उभा केला. म्हणूनच त्याचे अनेक पाठ निर्माण झाले. आठवणींचा ग्रंथ एकाच प्रतीवर विसंबून राहिला, तर त्याचे काय होते, हे रिद्धपूरने सातशे वर्षांपूर्वी पाहिले. सेमाडोहचे संकलनही आठवणींचेच आहे. ते एका भारी ग्रंथात कोंडून थोड्या प्रती काढाव्यात, की हलक्या पुस्तकाच्या पुष्कळ प्रती घरोघर पोहोचवाव्यात, याचा निर्णय करताना हा प्रसंग आठवावा.

याच लीळाचरित्राच्या मुद्रणाचाही इतिहास लक्षात घेण्याजोगा आहे. हरि नारायण नेने यांनी १९३६ पासून ते नागपुरात भागशः प्रसिद्ध केले, वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ती १९७८ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने एका मोठ्या ग्रंथात काढली. पाठभेद ताडून पाहणाऱ्या अभ्यासकाच्या मेजावर तो मोठा ग्रंथच योग्य होय. पण भक्ताच्या किंवा विद्यार्थ्याच्या हाती सुटे भाग अधिक सहज गेले असतील, हे सांगण्यास फार तर्क नको.

आता मुद्रणाकडे वळू. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी गाविलगड घेतला व पाठोपाठ देवगावचा तह झाला. मेळघाटाच्या दाराशी ही घटना घडून दोन वर्षे होतात न होतात तो, १८०५ साली, बंगालात श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांनी छापून निघाले. पुढे मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाप्रेसवर व जावजी दादाजींच्या निर्णयसागराने सुबक खिळ्यांवर धर्मग्रंथ छापले. बांधलेले उभे पुस्तक व सुट्या पत्रांची आडवी पोथी, असे दोन्ही आकार छापखान्यात दीर्घकाळ शेजारी शेजारी राहिले. परंतु छापखान्याने एक नवा स्वामी आणला, तो म्हणजे कागदाचा ताव. पूर्वी झाड आकार ठरवी. आता ताव ठरवू लागला.

तावाचे गणित येथे मांडणे अवश्य आहे. डबल क्राऊन ताव २० × ३० इंचांचा. त्याच्या घड्या घालून सोळा पत्रे केली, की प्रत्येक पत्र ५ × ७॥ इंचांचे होते व एका तावात ३२ पृष्ठे बसतात. डबल डेमी ताव २२॥ × ३५ इंचांचा; त्याचे षोडशपत्री पान सुमारे ५॥≈ × ८॥। इंच, म्हणजे साडेपाच इंचांहून किंचित अधिक रुंद व पावणेनऊ इंच उंच येते. तीन बाजूंनी कापणी झाल्यावर क्राऊनचे पुस्तक सुमारे ४॥। × ७। व डेमीचे ५॥ × ८॥ इंच उरते.

समजा, आमचे संकलन क्राऊन आकारात १६० पृष्ठांचे होते. म्हणजे प्रत्येक प्रतीस पाच ताव. डेमीचे पान क्षेत्रफळाने जवळजवळ एक-तृतीयांश मोठे; तोच मजकूर सुमारे १२२ पृष्ठांत बसेल व चार तावांत, म्हणजे १२८ पृष्ठांत, सूचीसाठीही जागा उरेल. हजार प्रतींस क्राऊनचे ५,००० ताव व डेमीचे ४,००० ताव लागतील. क्षेत्रफळाने पाहिल्यास डेमीस कागद शेकडा पाच अधिक. परंतु पूर्ण ताव घेणारे यंत्र असेल तर छापाईच्या फेऱ्या प्रतीमागे दहाऐवजी आठ. तात्पर्य, लहान पुस्तक म्हणजे स्वस्त पुस्तक, ही समजूत खरी नाही. लहान पानावर चहूकडचा समास प्रमाणाने अधिक जागा खातो व पृष्ठे वाढतात.

याहून मोठी हानी होते ती तावाशी न जुळणारा आकार घेतल्याने. अमेरिकेत रूढ असलेला ६ × ९ इंचांचा आकार येथे कित्येकांस आवडतो. तो डबल क्राऊन तावावर घातला व घडीसाठी आठ पत्रे धरली, तर ६०० चौरस इंचांपैकी ४३२ चौरस इंच उपयोगास येतात. शेकडा २८ भाग रद्दीत जातो. ज्यास तो आकार हवाच असेल, त्याने रॉयल ताव घ्यावा. ज्या अरण्यात बांबू व सालई उगवतात, त्या अरण्याविषयीचे पुस्तक काढताना चौथ्या हिश्शाहून अधिक कागद फुकट घालविणे शोभणार नाही. मेळघाटाच्या पश्चिमेस नेपानगर येथे वृत्तपत्री कागदाची गिरणी निघाली, तीही बांबू व सालईच्याच आधारावर, हे या ठिकाणी स्मरणीय आहे.

अलीकडे मीटर-मानाचा कागद सर्वत्र झाला. त्याचे ए-चार, ए-पाच इत्यादी आकार जर्मनीत १९२२ साली प्रमाण ठरले व १९७५ साली आंतरराष्ट्रीय मान्यतेस पोहोचले. त्यांतील मर्म हे की, ताव मधोमध दुमडला तरी त्याच्या बाजूंचे प्रमाण तेच राहते. हे एकाच प्रमाणाने साधते : लहान बाजू चौरसाची भुजा मानली, तर मोठी बाजू त्याच चौरसाच्या कर्णाएवढी हवी. संस्कृताच्या अभ्यासकास ही राशी अपरिचित नाही. वेदी रचणाऱ्या शुल्बकारांची ती द्विकरणी होय. बौधायनादिकांनी तिचे दिलेले मान अपूर्णांकात मांडल्यास ५७७/४०८ येते. जर्मनीत लिख्टेनबर्ग याने कागदाच्या संदर्भात हा गुण १७८६ साली नमूद केला. ज्या प्रमाणाने वेदीचे क्षेत्र दुप्पट करीत, त्याच प्रमाणाने आज ताव अर्धा करितात. ए-पाचचे पान १४८ × २१० मिलिमीटर, म्हणजे कापलेल्या डेमीच्या अगदी जवळचे आहे. तेव्हा जुने माप घ्या किंवा नवे, हात एकाच आकाराकडे वळतो.

कागदी बांधणीच्या स्वस्त पुस्तकाचा आदर्श म्हणून १९३५ साली इंग्लंडात सहा पेनीस निघालेल्या पेंग्विन मालेचे नाव घेतात. तिचा आकार १११ × १८१ मिलिमीटर, कोटाच्या खिशास योग्य. दुसऱ्या पक्षाची मागणी साधारण हीच आहे. परंतु रोमन अक्षर व देवनागरी अक्षर यांत भेद आहे. आमच्या अक्षरास वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार व खाली उकार, ऋकार, जोडाक्षराचा पाय असतो. दोन ओळींत पुरेसे अंतर नसेल, तर वरचा उकार खालच्या मात्रेस भिडतो. अरुंद पानावर अक्षर मोठे ठेवले तर ओळीत पाच-सहा शब्द मावतात व वाक्य तुटते. अक्षर बारीक केले तर वृद्धांस वाचवत नाही. आणि या पुस्तकाचे पहिले वाचक वृद्ध व शाळकरी मुले हेच आहेत. डेमी किंवा ए-पाच पानावर ठळक अक्षरांत आठ-दहा शब्दांची ओळ सुखाने बसते.

गौरवग्रंथाच्या पक्षाचा एक आक्षेप मात्र योग्य आहे. नकाशे व वंशावळी लहान पानात मावत नाहीत. यास उपाय जुना आहे : नकाशा घडी घालून शेवटी जोडावा. त्यासाठी सगळा ग्रंथ दहा इंच रुंद व साडेबारा इंच उंच करणे म्हणजे पागोट्यासाठी दार उंच करणे होय. असा ग्रंथ मांडीवर राहत नाही, झोळीत जात नाही, व किमतीमुळे ज्यांच्या आठवणी त्यात आहेत त्यांच्याच घरी पोहोचत नाही.

राहता राहिली बांधणी. जुने लेखक पोथीच्या शेवटी तेलापासून, पाण्यापासून व सैल बंधनापासून रक्षण करण्याची विनंती पोथीच्याच मुखाने करवीत. कागदी बांधणीस यांतील शेवटची दोन भये विशेष आहेत. मेळघाटात पावसाळा मोठा. कागद यंत्रावर होताना त्याचे तंतू बहुतांशी एका दिशेने लागतात व ओल लागली की तो तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतो. म्हणून तंतू पुस्तकाच्या पाठीशी समांतर येतील असाच ताव निवडावा, नाहीतर पाने वाकडी होऊन पाठ उकलते. केवळ सरसाने चिकटविलेले पुस्तक पूर्ण उघडत नाही. त्याचा आतला समास रुंद ठेवावा, आणि शक्य तर फर्मे शिवूनच घ्यावेत. शिवणीचा खर्च थोडा, पण पुस्तक दुसऱ्या पिढीस जाते.

सारांश, आमचा अभिप्राय असा : सेमाडोहचे संकलन डेमी षोडशपत्री किंवा ए-पाच आकारात, शिवलेल्या कागदी बांधणीत, घडीच्या नकाशासह छापावे, मोजक्या प्रती ग्रंथालयांसाठी पुठ्ठ्यात बांधून घ्याव्यात. उठून गेलेल्या गावांची मुले आज सपाटीवरच्या शाळांत शिकतात. त्यांच्या दप्तरात इतर पुस्तकांबरोबर हे पुस्तकही मावले पाहिजे, आणि संध्याकाळी ते आजीच्या हाती देता आले पाहिजे. मंडळाने ताव मागविण्यापूर्वी एवढी कसोटी लावून पाहावी.