बॅटिंग ग्लोव्हज कसे निवडायचे? आराम, टिकाऊपणा आणि ऑनलाइन खरेदीची संपूर्ण माहिती



फोन घेताना आपण रॅम, बॅटरी, प्रोसेसर सगळं तपासतो, दहा व्हिडिओ बघतो. बॅटिंग ग्लोव्हज घेताना मात्र रंग आणि स्टिकर बघून थेट ऑर्डर टाकतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, मूळचा परभणी जिल्ह्यातल्या पूर्णेचा. सुट्टीत गावी गेलो की लेदर बॉलवर खेळणं होतं, आणि टीममधली पोरं व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवून विचारतात, "दादा, हे घेऊ का?"

अशा बऱ्याच लिंक बघितल्यावर एक गोष्ट लक्षात आली. पहिल्या फोटोत कायम ग्लोव्हजची पाठ दिसते, कारण रंग आणि लोगो तिथेच असतो. पण आराम आणि टिकाऊपणा ठरतो तो तळहाताच्या बाजूला. म्हणून आज आपण ग्लोव्हज उलटे करून बघणार आहोत.

ग्लोव्हज नेमकं काय काम करतात?

साध्या टेनिस बॉलचं वजन सुमारे ५८ ग्रॅम असतं. पुरुषांच्या क्रिकेटमधल्या लेदर बॉलचं वजन नियमाप्रमाणे १५५.९ ते १६३ ग्रॅम, म्हणजे जवळपास पावणेतीन पट. आता थोडं गणित करू. १६० ग्रॅमचा बॉल ताशी ११० किलोमीटर वेगाने आला तर त्यात सुमारे ७५ ज्यूल ऊर्जा असते. दीड किलोची वस्तू पाच मीटर उंचीवरून पडल्यावर जेवढी असते, साधारण तेवढीच. आणि हा सगळा मार एका बोटाच्या पेरावर बसू शकतो.

इथे ग्लोव्हज दोन कामं करतात. बाहेरचा कडक भाग मार मोठ्या जागेवर पसरवतो. आतला मऊ फोम बॉलला थांबायला थोडा जास्त वेळ देतो, त्यामुळे झटका कमी होतो. तुमच्या मोबाईलच्या चांगल्या कव्हरचं तंत्र हेच आहे: पाठ कडक, कोपरे मऊ. नुसतं कडक कव्हर झटका आत पोहोचवतं आणि नुसतं मऊ कव्हर दाबलं जातं. दोन्ही लागतं.

तरीही ग्लोव्हज म्हणजे चिलखत नाही. २०१९ च्या वर्ल्ड कपमध्ये ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध शिखर धवनच्या डाव्या अंगठ्यावर नेथन कूल्टर-नाइलचा उसळता बॉल बसला. त्याने तशाच अवस्थेत खेळून ११७ धावा केल्या, पण अंगठ्याचं हाड मोडल्याचं निघालं आणि तो स्पर्धेबाहेर गेला. जगातले उत्तम ग्लोव्हज वापरणाऱ्याचं हे झालं. आपल्याकडे काळ्या मातीच्या मैदानावर किंवा मॅटिंगवर बॉल कधी बसेल, कधी अंगावर उसळेल याचा नेम नसतो. शिवाय आपल्या टीममधली निम्मी पोरं पोलीस भरतीची तयारी करतात. शिपाई भरतीच्या मैदानी परीक्षेत ५० पैकी १५ गुण गोळाफेकीचे असतात. भरतीच्या तोंडावर बोट मोडलं तर फक्त मॅच जात नाही, वर्ष जाऊ शकतं.

पाठीची बाजू: संरक्षण

बोटांच्या पॅडिंगचे बाजारात मुख्यतः दोन प्रकार दिसतात. एकात प्रत्येक बोटावर गोल, लांबट गुंडाळ्या असतात. याला सॉसेज स्टाइल म्हणतात. दुसऱ्यात फोमचे चौकोनी तुकडे असतात आणि बोटाच्या सांध्यापाशी खाच असते, त्यामुळे बोट सहज वाकतं. दोन्ही चांगले असू शकतात. तपासायचं ते असं:

१. खालच्या हाताची पहिली दोन बोटं. उजव्या बॅट्समनचा उजवा हात खाली असतो आणि त्याची तर्जनी आणि मधलं बोट बॉलच्या वाटेत जास्त येतात. चांगल्या ग्लोव्हजमध्ये या बोटांच्या पॅडिंगमध्ये फायबरची कडक पट्टी असते. दुकानात असाल तर अंगठ्याने दाबून बघा. स्पंजासारखं आत गेलं तर सोडून द्या.

२. अंगठा. धवनला लागलं ते खालच्या हाताच्या अंगठ्यालाच. अंगठ्याचं कवच पुढून आणि बाजूने दोन्हीकडून असावं आणि सांध्यापाशी वाकावं. कवच एकसंध आणि ताठ असेल तर बॅट नीट धरता येत नाही.

३. दोन बोटांमधली फट. मूठ आवळल्यावर पॅडिंगच्या मधून बोटाचं कापड उघडं दिसतंय का ते बघा. हात पसरून सगळेच ग्लोव्हज छान दिसतात. बॅट धरूनच खरी परीक्षा होते.

तळहाताची बाजू: आराम आणि टिकाऊपणा

तळहाताच्या भागाला पाम म्हणतात. स्वस्त ग्लोव्हजमध्ये पाम कापडाचा किंवा रेक्झिनसारख्या कृत्रिम चामड्याचा असतो. त्यात हवा खेळत नाही, घाम आला की हात सरकतो आणि काही दिवसांत वरचा थर सोलपटून निघतो. त्यापुढच्या ग्लोव्हजमध्ये खरं चामडं येतं. मेंढीचं चामडं मऊ असतं, बॅटची पकड छान जाणवते, पण ते पातळ असल्याने लवकर झिजतं. वासराचं चामडं सहसा थोडं जाड आणि जास्त टिकणारं. रोज नेट प्रॅक्टिस असेल तर मऊपणापेक्षा टिकाऊपणाकडे झुका. महिन्यातून दोन मॅच असतील तर मऊ पाम चालेल.

पाम सगळीकडे सारखा झिजत नाही. खालच्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्या मधली खाच आणि वरच्या हाताच्या करंगळीखालची कड या जागा आधी जातात, कारण बॅट तिथेच घासते. या जागांवर चामड्याचा जादा तुकडा शिवलेला असेल तर ग्लोव्हजचं आयुष्य वाढतं. शिलाई दुहेरी आहे का, धागे लोंबतायत का, हेही तिथेच बघायचं.

पाममध्ये बारीक छिद्रं आणि बोटांच्या मध्ये जाळी असेल तर घाम लवकर सुकतो. मनगटाची पट्टी वेल्क्रोची असते. तिला टॉवेलसारखं कापड लावलेलं असेल तर कपाळाचा घाम पुसायला बरं पडतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा याची किंमत कळते.

साइज: सगळ्यात जास्त गडबड इथे होते

मोबाईलमधल्या मोजमापाच्या अ‍ॅपवर विसंबू नका. कंपास पेटीतली पट्टी घ्या. तळहात सरळ ठेवून मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटाच्या पहिल्या रेषेपर्यंत अंतर मोजा. साधारण १७.५ ते १९ सेंटिमीटर असेल तर युथ आणि त्याच्या वर मेन्स साइज बसते. पण प्रत्येक कंपनीचं माप थोडं वेगळं असतं, म्हणून त्या कंपनीचा साइज चार्ट उघडून बघाच.

घातल्यावर बोटाच्या टोकापुढे जरा जागा हवी, साधारण अर्धा सेंटिमीटर. बोट टोकाला टेकत असेल तर यॉर्कर थोपवताना नख दुखेल. जास्त जागा असेल तर पॅडिंग सांध्यावरून सरकेल आणि मार नेमका उघड्या जागी बसेल. "वाढत्या हाताला मोठे घेऊ" हा विचार शाळेच्या गणवेशाला ठीक आहे, ग्लोव्हजला नाही.

आत सुती इनर घालणार असाल तर इनर घालूनच माप तपासा. घामाचं सगळं ओझं इनर घेतात आणि ते धुता येतात, म्हणून दोन जोड्या ठेवा.

ऑनलाइन घेताना काय बघाल?

पूर्णेला जंक्शन असल्यामुळे नांदेड किंवा परभणीला जाऊन हातात घालून बघणं अवघड नाही. एकदा तरी तसं कराच. ऑनलाइनच घ्यायचे असतील तर हे लक्षात ठेवा:

१. 'लेफ्ट हँड' म्हणजे डाव्या हाताने खेळणाऱ्या बॅट्समनची जोडी. नुसता डाव्या हाताचा ग्लोव्ह नाही. ही निवड बऱ्याच जणांची चुकते.

२. पामचा फोटो झूम करा. पामचा फोटोच दिला नसेल तर तो माल टाळा.

३. वर्णनात 'प्रीमियम क्वालिटी' लिहिलंय, पण चामडं कोणतं ते लिहिलेलं नाही? मग ते कृत्रिम समजूनच किंमत ठरवा.

४. रिव्ह्यूमध्ये आधी फोटोवाले आणि कमी स्टारचे वाचा. 'आज मिळाले, मस्त आहेत' यातून टिकाऊपणा कळत नाही. 'तीन महिन्यांनी शिलाई उसवली' हे वाक्य कामाचं.

५. परत करण्याची मुदत बघा. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा आणि घरातच बॅट धरून बघा. मैदानावर वापरलेले ग्लोव्हज सहसा परत घेत नाहीत.

आपल्या देशात क्रिकेटचं बरंचसं साहित्य मेरठ आणि जालंधरमध्ये तयार होतं. त्यामुळे फार प्रसिद्ध नसलेल्या नावाखालीही चांगला माल मिळू शकतो. खेळाडूच्या सहीपेक्षा पाम बघा.

किंमत कशी ठरवायची?

समजा, ६०० रुपयांचे ग्लोव्हज १५ मॅच टिकले, तर एका मॅचला ४० रुपये पडले. १५०० चे ५० मॅच टिकले, तर ३० रुपये. म्हणजे महाग वाटणारे स्वस्त पडले. पण महिन्यातून एकदाच खेळणाऱ्याला ५० मॅच व्हायला चार वर्षं लागतील आणि तोवर हाताचं मापही बदलेल. आपल्याकडे हे पैसे बऱ्याचदा सोयाबीनची पट्टी झाल्यावर घरच्यांकडून मिळतात, म्हणून हा हिशेब आधी करायचा. फक्त टेनिस बॉल खेळत असाल तर महागड्या ग्लोव्हजची गरजच नाही.

काळजी: अर्धं आयुष्य इथे आहे

ग्लोव्हज बॉलने कमी आणि घामाने जास्त खराब होतात. घाम सुकला की मीठ चामड्यात राहतं आणि पाम कडक होतो. मॅच संपली की लगेच:

१. वेल्क्रो उघडा आणि ग्लोव्हज किट बॅगमध्ये कोंबू नका. बॅगच्या बाहेर, सावलीत, पंख्याखाली वाळवा.

२. पत्र्यावर कडक उन्हात ठेवू नका. चामडं पापडासारखं होतं आणि वाकवलं की तडकतं.

३. साबणाने धुवू नका, मशीनमध्ये तर नाहीच. ओलसर कापडाने पुसा.

४. पावसाळ्यात महिनाभर बॅग बंद राहिली की बुरशी येते. आठवड्यातून एकदा बाहेर काढून हवा द्या.

५. बॅटची ग्रिप खरखरीत किंवा फाटलेली असेल तर ती पाम खाते. आधी ग्रिप बदला.

कधी बदलायचे?

पामला छोटं भोक पडलं तर मोची चामड्याचा तुकडा लावून देतो, ते चालतं. पण बोटाचं पॅडिंग दाबल्यावर परत फुगत नसेल, फायबरची पट्टी तुटली असेल किंवा अंगठ्याचं कवच हलत असेल, तर ते ग्लोव्हज नेटमध्येही वापरू नका. आणि मार लागून बोट सुजलं तर मैदानात कुणाला ओढून बसवू देऊ नका. बर्फ लावा आणि एक्स-रे काढा.

जाता जाता एक नियम: बॅट धरलेल्या हातातला ग्लोव्ह बॅटचाच भाग मानला जातो. बॉल त्याला लागून झेल गेला तर तुम्ही आउट. पण बॅट सोडलेल्या हाताच्या ग्लोव्हला लागून झेल गेला तर तुम्ही आउट नाही. पुढच्या मॅचला वाद झाला की हा लेख दाखवा!